अपघात कोणी पाहिला नाही. मग सिद्ध कोणी करायचा?

रस्त्यावर जखमी झालेल्या माणसाचे नातेवाईक ठाण्यात पोहोचले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पाहणारं कोणी होतं का?" पुढे विमा कंपनीचा तपासनीस घरी येतो, तोही हेच विचारतो. दाव्याची सुनावणी सुरू झाली की उलटतपासणीत हाच प्रश्न पुन्हा येतो. प्रश्न विचारायला माझी हरकत नाही, तपास करणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. हरकत आहे ती "नाही जी, कोणीच नव्हतं" या उत्तरानंतर जे घडतं त्याला. लिहिणाऱ्याचा हात थांबतो. पुढचं काही शोधायचं असतं, ही जाणीवच त्या टेबलावरून उठून जाते. नातेवाइकांनाही वाटतं की आपला दावा इथेच संपला.

नागपूरच्या न्यायालयात जखमींच्या बाजूने दावे चालवताना माझं मत पक्कं होत गेलं आहे. साक्षीदार नसणं हा जखमी माणसाचा दोष नाही. ती उणीव त्यानेच भरून काढावी, असं कायदाही म्हणत नाही. पुरावा ज्याच्या ताब्यात असतो, तो जपून न्यायालयापुढे आणण्याची जबाबदारी त्याचीच असली पाहिजे, आणि जपला नाही तर तोटाही त्यानेच सोसला पाहिजे. आज हे सगळं उलटं चाललं आहे.

कोणी न पाहिलेले अपघात कुणाच्या वाट्याला येतात ते आधी बघा. दिवसाउजेडी बर्डीवर, शहराच्या भर बाजारात, दोन गाड्यांचा नुसता धक्का लागला तरी मिनिटभरात पन्नास माणसं गोळा होतात. पण पहाटे तीनला कळमन्याच्या बाजारात माल घेऊन येणारा, हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून दुचाकीवर घरी निघालेला, लग्नाच्या जेवणावळीची भांडी आवरून आउटर रिंग रोडने परतणारा, रात्री उशिराची शेवटची ऑर्डर पोहोचवून येणारा पोरगा, उजाडायच्या आधी पेपर आणि दूध टाकणारे, रस्ता झाडणाऱ्या बाया, यांना कोण पाहणार? शहर झोपलेलं असताना ज्यांचं पोट रस्त्यावर असतं, त्यांचेच अपघात कोणी पाहत नाही. म्हणून प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा हट्ट धरला की चाळणी गरिबावरच लागते. कुणी मुद्दाम तसं करतं, असं मी म्हणत नाही. पण परिणाम तोच होतो.

आता कायद्याकडे येऊ. न पाहिलेल्या अपघाताबद्दल या देशात जो निकाल वारंवार उद्धृत होतो, तो आपल्याच रस्त्यावरच्या अपघाताचा. १८ डिसेंबर १९६० रोजी एक कार नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघाली होती. जिनिंग-प्रेसिंग कंपनीची गाडी, चालवणारा त्या कंपनीचा व्यवस्थापक, आणि शेजारी बसलेला एक गृहस्थ. गाडी रस्ता सोडून उजव्या टोकाला गेली आणि झाडावर आदळली. गाडीतला तो गृहस्थ गेला. कुटुंबाने दावा केला. अपघात-दाव्यांच्या न्यायाधिकरणाने भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली. व्यवस्थापकाने त्या गृहस्थाला सोबत घेतलं ते कंपनीच्या कामाचा भाग म्हणून नव्हे, त्यामुळे मालक कंपनी जबाबदार नाही, हे त्यातलं मुख्य कारण होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७७ मध्ये निकाल लागला. पुष्पाबाई उदेशी प्रकरण म्हणून वकील मंडळी ते ओळखतात.

त्या निकालात न्यायालयाने काय पाहिलं, ते मला फार मोलाचं वाटतं. माणसांचे जबाब बाजूला राहिले आणि वस्तू बोलू लागल्या. रस्ता पुरेसा रुंद, दोन्ही बाजूंना शेतं. गाडी सापडली ती रस्त्याच्या उजव्या, म्हणजे चुकीच्या बाजूला. धडक एवढी जोरात की इंजिन मूळ जागेवरून फूटभर मागे सरकलेलं आणि स्टिअरिंग चालकाच्या अंगावर आलेलं. न्यायालयाने म्हटलं ते असं : सर्वसाधारण नियम म्हणून निष्काळजीपणा दाखवायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते, पण कित्येकदा अपघाताचं खरं कारण त्याला माहीत असणं शक्यच नसतं, ते फक्त अपघात घडवणाऱ्याला ठाऊक असतं. अपघात झाला एवढं तो दाखवू शकतो, कसा झाला ते दाखवू शकत नाही. अशा वेळी घटनाच स्वतःबद्दल सांगते. नीट चाललेली गाडी रस्ता सोडून झाडावर जात नाही. गेली असेल तर का गेली, हे चालवणाऱ्याच्या बाजूने सांगावं.

म्हणजे पांढुर्ण्याकडे जाणाऱ्या आपल्या रोजच्या वाटेवरच्या एका अपघाताने हा दिलासा देशभरातल्या जखमींना मिळवून दिला, आणि त्याच नागपुरात आजही "पाहणारा नाही तर केस नाही" असं ठाण्याच्या दारात सांगितलं जातं. पन्नासेक वर्षांत एक तत्त्व न्यायालयाच्या पुस्तकातून ठाण्याच्या टेबलापर्यंत पोहोचू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यानंतरही सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आलं आहे. २००९ च्या बिमला देवी प्रकरणात स्पष्ट झालं की अमुक बसने अमुक रीतीनेच अपघात केला याचा काटेकोर पुरावा देणं दावेदाराला नेहमी शक्य नसतं. खुनाच्या खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे मागायचा नसतो. घटना तशी घडली असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त दिसली, की पुरे. २०१९ च्या सुनिता प्रकरणात तर उत्तम प्रत्यक्षदर्शी साक्षीदार तपासला नाही म्हणून दावा बुडत नाही, असंच न्यायालयाने सांगितलं. मोटार वाहन कायद्याने न्यायाधिकरणाला संक्षिप्त पद्धतीने काम चालवायची मुभा दिली आहे ती काही शोभेसाठी नाही. जखमी माणसाला पुराव्याच्या कायद्याच्या काट्यांतून फरफटत नेऊ नये, हाच त्यामागचा हेतू.

मग दावे पडतात कुठे? माझ्या अनुभवात ते न्यायालयात पडत नाहीत. ते पहिल्या दोन-तीन दिवसांत पडतात, जखमी माणूस शुद्धीवर येण्याच्या आधी.

माझ्याकडे एक फाइल आहे. चाळिशीतला माणूस, केटरिंगच्या कामावर वाढपी. उमरेड रोडवरून रात्री उशिरा मोटरसायकलवर घरी येत होता. पहाटे रस्त्याकडेच्या खाचेत पडलेला सापडला, मांडीचं हाड मोडलेलं, डोक्याला मार. ज्यांना दिसला त्यांनी ऑटोत घालून दवाखान्यात पोहोचवलं आणि ते आपल्या कामाला निघून गेले. अर्ध्या तासाने चुलतभाऊ आला. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी त्याला विचारलं, काय झालं? तो बिचारा घाबरलेला, त्याने पाहिलेलं काहीच नाही. त्याने सांगितलं, "गाडीवरून पडला जी." डॉक्टरांनी मेडिको-लीगल नोंदीत एक ओळ लिहिली : हिस्टरी ऑफ फॉल फ्रॉम बाइक. झालं. दवाखान्याच्या चौकीवरून हीच ओळ ठाण्यात गेली, ठाण्याने तीच पंचनाम्यात उतरवली, आणि शेवटी कागदावर असं उभं राहिलं की हा स्वतःच्या निष्काळजीपणाने घसरून पडला. अंगात जीव आल्यावर त्याने सांगितलं की मागून मोठ्या गाडीने ठोकलं, तेव्हा तीन आठवडे उलटून गेले होते. आता तो नुकसानभरपाईसाठी बनवून सांगतो आहे, असं म्हणायला सगळे मोकळे.

पण मोटरसायकल खोटं बोलत नव्हती. ती ठाण्याच्या आवारात उभी असताना त्याच्या भाच्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. मागचं मडगार्ड आत दुमडून टायरला टेकलेलं, टेललाइटचा चुरा, नंबर प्लेट वाकलेली, सायलेन्सरच्या टोकाला निळ्या रंगाचा ओरखडा. पुढचा दिवा मात्र शाबूत आणि हँडल सरळ. घसरून पडलेल्या गाडीचा मार बाजूला असतो, फूटरेस्टला, हँडलच्या टोकाला, लिव्हरला. मागून ठोकलेल्या गाडीचा मार मागे असतो. हे समजायला तज्ज्ञ लागत नाही, मानेवाड्यातला कोणताही गाडी दुरुस्त करणारा पोरगा सांगेल. पंचनाम्यात या मडगार्डचा उल्लेख नाही. निळा रंग खरवडून तपासणीला पाठवला गेला नाही. गाडी सोडवून आणल्यावर घरच्यांनी ती दुरुस्तीला दिली, कारण त्याच गाडीवर थोरला मुलगा कामाला जाणार होता. अपघातग्रस्त गाडी तशीच ठेवा, हे सांगायला त्यांना कुणी भेटलं नव्हतं.

त्या एका इंग्रजी ओळीबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण तिने मोडलेले संसार मी पाहिले आहेत. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. रात्रीच्या ड्युटीवर एकामागून एक स्ट्रेचर येत असताना त्यांचं पहिलं काम जीव वाचवणं. ती नोंद ते उपचारासाठी घेतात. हाड किती उंचीवरून पडून मोडलं, डोक्याला किती वेळापूर्वी मार लागला, हे त्यांना हवं असतं. दोन वर्षांनी एखादा वकील ती ओळ उंच आवाजात वाचून दाखवणार आहे, हे त्यांच्या डोक्यात नसतं. मग त्या नोंदीला साक्षीपुराव्याचं वजन द्यायचं असेल तर तिच्यासोबत दोन गोष्टी लिहिणं सक्तीचं करा : ही माहिती कुणी दिली, आणि त्याने अपघात स्वतः पाहिला होता का. "माहिती देणारा : चुलतभाऊ, घटनास्थळी हजर नव्हता" एवढं लिहायला दहा सेकंद लागतात. आमच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत रोज येणाऱ्या अपघातग्रस्तांचा विचार करा, आणि या दहा सेकंदांची किंमत लक्षात घ्या. जखमा कुठल्या बाजूला आहेत, खरचटणं आहे की चेंगरणं, अंगावर टायरचा डाग आहे का, हेही त्याच पानावर आलं पाहिजे. शरीर हासुद्धा घटनास्थळाचाच भाग असतो.

दुसरा मुका साक्षीदार कॅमेरा. नागपुरात स्मार्ट सिटी प्रकल्पात सुमारे सातशे ठिकाणी साडेतीन हजारांवर कॅमेरे लागले. त्याशिवाय पेट्रोल पंप, ढाबे, सराफा दुकानं, सोसायट्यांची फाटकं आणि टोलनाके आहेत. कोणी पाहिलं नाही असं आपण म्हणतो, तेव्हा रस्त्याच्या पुढेमागे दोन-चार भिंगांनी काहीतरी पाहिलेलं असतंच. फक्त ते भिंग आठवडाभर, पंधरा दिवस, फार तर महिनाभर लक्षात ठेवतं. मग त्यावरच नवं चित्रण चढतं. पायाला प्लास्टर घालून पडलेला माणूस पेट्रोल पंपावर जाऊन फुटेज मागणार कसा? त्याची बायको गेली तर पंपवाला म्हणतो, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, तुम्ही अर्ज द्या, बघतो. तेवढ्यात मुदत संपते. मिळालंच, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा, लागतो. हे सामान्य माणसाच्या आवाक्यातलं काम आहे का?

पोलिसांनी मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, हे याच जिल्ह्याने ऑगस्ट २०२५ मध्ये पाहिलं. नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारजवळ ट्रकने मोटरसायकलला धडक दिली, बाई जागीच गेली, ट्रक पसार झाला. मदतीला कोणी थांबेना म्हणून नवऱ्याने बायकोचा मृतदेह मोटरसायकलला बांधून नेला. ती चित्रफीत देशभर फिरली. ट्रकचा नंबर नाही, कंपनी माहीत नाही. नवऱ्याला आठवत होत्या त्या ट्रकवरच्या लाल खुणा, एवढंच. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोलनाक्यांवरचं चित्रण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीतून चाळलं, लाल खुणांचे ट्रक वेगळे काढले, वेळ आणि वेग जुळवला आणि छत्तीस तासांत सुमारे सातशे किलोमीटरवर, ग्वाल्हेर-कानपूर मार्गावर तो ट्रक पकडला. मी त्या तपासाचं मनापासून कौतुक करतो. म्हणूनच विचारतो : ज्या अपघाताची चित्रफीत फिरत नाही, त्याला हे छत्तीस तास का मिळू नयेत? सगळ्या प्रकरणांत एवढी यंत्रणा लावता येणार नाही, मान्य. पण निदान चित्रण जपून ठेवायचं पत्र त्याच दिवशी जायला कुठली कृत्रिम बुद्धिमत्ता लागते?

नियम याहून फार पुढे गेलेले आहेत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा प्रथम अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. आणि पोलिसांचा हा अहवालच न्यायाधिकरण दाव्याचा अर्ज म्हणून स्वीकारू शकतं. जखमी माणसाने काहीच न करता त्याचा दावा उभा राहावा, अशी ही रचना आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद प्रकरणात तिच्या अंमलबजावणीसाठी देशभर निर्देशही दिले. प्रत्यक्षात आजही घरचा माणूसच एफआयआरची प्रत, पंचनामा, विम्याचे कागद गोळा करत ठाणे ते आरटीओ अशा चकरा मारतो. त्यात दुसरीकडे घड्याळ चालू असतं. २०१९ च्या दुरुस्तीने दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या तरतुदीला आव्हान दिलं गेलं आहे, आणि ते योग्यच आहे. ज्याच्या मांडीत सळई आहे, त्याला सहा महिने म्हणजे धड दोन पायांवर उभं राहायलाही पुरत नाहीत.

पुरावा देण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूला सरकवणं म्हणजे काहीतरी जगावेगळं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी रेल्वेकडे पाहावं. धावत्या गाडीतून पडून माणूस रुळाकडेला सापडतो. कोणी पाहिलेलं नसतं, खिशात तिकीटही नसतं. रेल्वे म्हणायची, हा प्रवासीच नव्हता. २०१८ च्या रीना देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही गाठ सोडवली. नुसता मृतदेह रुळावर सापडला म्हणून तो प्रवासी ठरत नाही हे खरं, पण तिकीट सापडलं नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असंही ठरत नाही. कुटुंबाने प्रतिज्ञापत्रावर हकीकत सांगावी, तेवढ्याने त्यांची सुरुवातीची जबाबदारी पार पडते. पुढे खोडून काढायचं ते रेल्वेने. रेल्वे दावा न्यायाधिकरणाचं खंडपीठ नागपुरातच आहे, आणि तिथे विदर्भातल्या कुटुंबांना या तत्त्वाचा आधार मिळतो. अजनी स्टेशनजवळ गाडीतून पडलेल्याला हा न्याय असेल, तर स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर चिरडलेल्याला का नाही?

माझी मागणी एवढीच आहे. जखमीने प्रतिज्ञापत्रावर सांगितलेली हकीकत जखमांशी आणि गाडीच्या मोडतोडीशी जुळत असेल, तर ती प्रथमदर्शनी खरी धरावी. आरोप असलेल्या गाडीचा चालक साक्षीच्या पिंजऱ्यात येत नसेल, तर ते त्याच्याविरुद्ध जावं. अनेक निकालांत न्यायालयांनी असा प्रतिकूल निष्कर्ष काढलेला आहेच. तो अपवाद न राहता रीत व्हावी. कॅमेरा ज्याच्या ताब्यात आहे त्याने पत्र मिळूनही चित्रण जपलं नसेल, तर त्याचा फायदा जखमीला मिळावा. आणि पत्र पाठवणं हे पोलिसांचं कर्तव्य म्हणून लेखी असावं, ठाणेदाराच्या मर्जीवर सोडू नये.

विमा कंपन्यांचं म्हणणं मी ऐकून आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बनावट दावे होतात. घरात जिन्यावरून पडलेल्याला रस्त्यावर जखमी दाखवलं जातं, विमा नसलेल्या गाडीच्या जागी विमा असलेली गाडी घुसवली जाते. उत्तर प्रदेशात तर अशा दाव्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमायची वेळ आली. या लुटीचा बोजा अखेर प्रीमियम भरणाऱ्या सगळ्यांवर येतो, आणि खऱ्या जखमीवर संशयाच्या रूपाने तो दुप्पट येतो. पण जरा पुढे जाऊन विचार करा. या बनावट दाव्यांत सगळ्यात सहज मिळणारी गोष्ट कोणती? प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. तो उभा करता येतो, पढवता येतो, एकच माणूस वेगवेगळ्या अपघातांत "तिथून जात" असू शकतो. निळ्या रंगाचा ओरखडा उभा करता येत नाही. टोलनाक्यावरची वेळ पढवता येत नाही. मोबाइल टॉवरची नोंद, ई-चलानाचा फोटो, फास्टॅगची नोंद यांना गावातलं कोणी ओळखत नाही. साक्षीदाराचा हट्ट धरून आपण खोट्याला सोपी वाट दिली आहे आणि खऱ्याला अडवलं आहे. खरा माणूस म्हणतो, "मले काही आठवत नाही साहेब, उजेड दिसला अन् मग दवाखानाच." खोटा माणूस सगळं सांगतो, गाडीचा नंबर, वेळ, चालकाच्या शर्टाचा रंग. या दोघांत आपली पद्धत दुसऱ्यावर विश्वास ठेवते. म्हणून वस्तूंचा पुरावा मागा असं मी म्हणतो, तेव्हा विमा कंपन्यांच्या हिताचंही बोलतो आहे.

आणि साक्षीदार खरंच नसतो का? पुष्कळदा असतो, फक्त समोर येत नाही. उमरेड रोडवर ज्यांनी त्या वाढप्याला ऑटोत घातलं, त्यांनी कदाचित गाडी पाहिली असेल. ते नाव न सांगता गेले, कारण ठाण्याच्या चकरा, कोर्टाच्या तारखा, बुडणारी मजुरी, आणि तुम्हीच ठोकलं असेल असा उलटा संशय. या भीतीवर कायद्याने २०१६ मध्येच इलाज केला, सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, त्याला दवाखान्यात अडकवून ठेवता येत नाही, आणि तो स्वखुशीने साक्षीदार व्हायला तयार झाला तर त्याचा जबाब एकदाच, त्याच्या सोयीने घ्यायचा. हे किती नागपूरकरांना माहीत आहे? दर हिवाळ्यात रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम होतात, हेल्मेटचे फलक लागतात. त्यातला एक फलक या कलमाचा लावला, झिरो माइलला, पारडी नाक्याला, वाडीला, तर कितीतरी "कोणी नव्हतं" ची उत्तरं बदलतील. या देशाचं रस्ते वाहतूक खातं नागपूरच्या खासदारांकडे आहे. एवढी अपेक्षा आम्ही आपल्या शहरात करायची नाही तर कुठे करायची?

गाडी अखेरपर्यंत सापडलीच नाही, तरीही सगळं संपत नाही. ठोकून पळालेल्या गाडीच्या प्रकरणात मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये, १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. रक्कम तुटपुंजी आहे, मोडलेल्या मांडीच्या एका शस्त्रक्रियेला पुरत नाही; पण तीही लोकांपर्यंत पोहोचत नाही. २०२२ मध्ये देशात ठोकून पळून जाण्याचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले, आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात या योजनेत दावे आले २०५, निकाली निघाले ९५. हे आकडे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये या विषयावरचा निकाल देताना समोर ठेवले, आणि आदेश दिला की महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी. ते पत्र मिळालेलं कुटुंब मला अजून भेटायचं आहे. माझ्या फाइलमधल्या त्या वाढप्याचं दुखणं तर आणखी खोल आहे : त्याच्या कागदावर दुसरी गाडीच नाही. तो "पडला" आहे. पळून गेलेली गाडी आधी कागदावर आणली, तरच तो या योजनेच्या दारात उभा राहू शकतो. ती आणण्यासाठी त्याच्याकडे भाच्याचे फोटो आहेत आणि शल्यचिकित्सकाचं एक पत्र, की हा मार मागून आलेल्या जोराच्या धक्क्याशी सुसंगत आहे. अर्ज प्रलंबित आहे.

खड्ड्याने पाडलेल्याचं काय? तिथे तर ठोकणारी गाडीही नसते. एकटा माणूस, पावसाने भरलेला खड्डा, रात्र. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूसाठी ६ लाख आणि दुखापतीसाठी ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली, ती निश्चित करायला समित्या नेमायला सांगितल्या. फार चांगला निर्णय. पण महापालिकेच्या ताब्यात जो पुरावा आहे तो म्हणजे खुद्द खड्डा, आणि बोभाटा झाला की तो दुसऱ्या दिवशी गिट्टी-डांबर टाकून बुजवला जातो. बुजवलाच पाहिजे, नाहीतर आणखी कोणी पडेल. बुजवण्याआधी त्याचा मापासह, तारखेसह फोटो घेऊन तो ठाण्याला आणि त्या समितीला पाठवणं मात्र महापालिकेवर बंधनकारक हवं. उपअभियंत्याच्या मोबाइलमध्ये कॅमेरा असतो. काम पूर्ण झाल्याचा फोटो कंत्राटदाराच्या बिलाला जोडला जातोच, त्याआधीचा एक फोटो जखमीच्या फाइलला जोडा.

आणि हे सगळं बदलेपर्यंत घरच्यांनी काय करायचं, ते सांगितल्याशिवाय मला थांबवत नाही. गाडी दुरुस्तीला देऊ नका. द्यावीच लागली तर आधी चारही बाजूंनी, आरशापासून सायलेन्सरपर्यंत फोटो काढा. कपडे आणि हेल्मेट धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. दवाखान्यात माहीत नसेल तर "माहीत नाही, आम्ही तिथे नव्हतो" असंच सांगा; अंदाजाने "पडला" म्हणू नका. लिहिलेली ओळ कुणाकडून तरी वाचून घ्या, चुकीची असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा. जवळपासचा प्रत्येक कॅमेरा टिपून ठाण्यात आणि त्या दुकानदाराला, दोघांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जखमी शुद्धीवर आला की त्याचा पुरवणी जबाब घ्या म्हणून मागे लागा. सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणात अर्ज टाका, कागद अपुरे असले तरी टाका. वकिलाची ऐपत नसेल तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि ठरवलेल्या मर्यादेखालच्या उत्पन्नाच्या माणसाला तिथून फुकट वकील मिळतो. आणि ठाण्यात कोणी पुन्हा विचारलं, पाहणारं कोणी होतं का, तर सांगा की नव्हतं, आता गाडी पाहा, जखमा पाहा, रस्ता पाहा, आणि जे दिसतं ते पंचनाम्यात लिहा.